डाव्या डोळ्याची रेघ

सासूबाईंचा डावा डोळा खोटा आहे हे मला एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कळलं, आणि तेही त्यांच्या तोंडाकडे न बघता. मी बघत होते पडद्याकडे. सासूबाई माझ्या पाठीमागे खाटेवर, डोक्याला एकवीस तारा लावून पडल्या होत्या आणि केसांना फासलेल्या पेस्टला किती घाण वास येतो, एवढ्या शिकलेल्या लोकांना जरा बरी पेस्ट मिळू नये का, असं मला सुनावत होत्या. बावीस वर्षं मी या बाईबरोबर एका घरात राहते. एका ओट्यापाशी उभं राहून आमची कोपरं एकमेकींना लागली आहेत. त्यांचा कुठला गुडघा दुखतो, कुठल्या शेजारणीशी त्या बोलत नाहीत आणि का, चहात साखर किती आणि रागावल्यावर किती, सगळं मला पाठ. आणि डोळ्याचा पत्ता नाही. अहो, माझा धंदाच डोळ्यांचा! लोक विचारतात, मेंदूचे आलेख काढता म्हणजे तुम्हाला माणसाचे विचार दिसत असतील नाही? कसले विचार. दिसतात ते डोळे. मेंदूची लाट असते एवढीशी, आणि नुसती पापणी लवली की तिच्या दहापट डोंगर उभा राहतो. डोळा म्हणजे एक चिमुकला सेलच, पुढून अधिक, मागून उणे. तो जरा फिरला की कपाळावरच्या सगळ्या तारा कोकलायला लागतात. तो गोंगाट वजा करायचा आणि खालचा मेंदू डॉक्टरांना स्वच्छ दाखवायचा, हे माझं काम. इतकी वर्षं मी लोकांचे डोळे वजा करून पगार घेते आहे.

झालं होतं असं की रविवारी दुपारी सासूबाई जिन्यावरून पडल्या. फार नाही, शेवटच्या तीन पायऱ्या. हाताला खरचटलं, कोपर सुजलं. आम्ही धावत गेलो तर खाली बसून पदर नीट करत होत्या आणि म्हणाल्या, “काही नाही गं, जरा चक्कर आली.” बस, चक्कर हा शब्द माझ्या नवऱ्याच्या कानावर पडला मात्र, त्याची चौकशी सुरू झाली. नवऱ्याला घरात आम्ही दोघी चौकशीखातं म्हणतो. दुधाची पिशवी फुटली तरी ती कुठून फुटली, कशी फुटली, आधी कधी फुटली होती का, हे कळल्याशिवाय त्याला घास जात नाही. चक्कर कधीपासून येते? डोळ्यांपुढे अंधारी येते का? बोलताना शब्द अडतो का? सासूबाई प्रत्येक प्रश्नाला “नाही रे बाबा” म्हणत होत्या आणि तो प्रत्येक “नाही” संशयाने लिहून घेत होता. सोमवारी नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी रक्तदाब बघितला, छाती ऐकली, आणि म्हणाले, सूनबाईंच्या तिथे एकदा मेंदूचा आलेख काढून टाका, शंका नको. त्यावर सासूबाईंचं तोंड जे उतरलं! मला वाटलं, आजाराला भ्यायल्या. वाईटही वाटलं, कारण नाकावर माशी बसू न देणारी ही बाई मी भ्यालेली कधी पाहिली नव्हती.

मंगळवारी माझ्या इस्पितळात येईपर्यंत त्यांनी तीन सबबी सांगितल्या. कोपर दुखतंय, केस आत्ताच धुतलेत, आणि शेवटची म्हणजे “तुझ्या नोकरीच्या ठिकाणी मी कशाला, लोक म्हणतील सासूच्या डोक्यावर परिणाम झाला.” मी हसत हसत त्यांचा दंड धरला आणि आत नेलं. केसांत भांग पाडत पाडत, मोजपट्टी लावत, पेन्सिलीने खुणा करत मी तारा बसवल्या. त्यांच्या केसांना मी याआधी कधी हात लावला नव्हता. किती मऊ आणि किती थोडे राहिलेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. मी नेहमीपेक्षा हळू हात चालवला. त्या आपल्या डोळे मिटून, एखाद्या लहान मुलीने वेणी घालून घ्यावी तशा गप्प. मग यंत्र सुरू केलं. डोळे मिटा आई. डोळे उघडा आई. पुन्हा मिटा. मोठे श्वास घ्या. आणि पडद्यावर डाव्या कपाळाच्या रेघांत एक खड्डा पडला. मग दुसरा. संथ, रुंद, एकाच बाजूला. डावीकडे पुढे, जिथे असं काहीही असायला नको असतं तिथे.

या खोलीत मी हजारो आलेख काढले आहेत आणि हजारो वेळा खड्डे बघितले आहेत. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना ते कधीही कळू दिलेले नाहीत. चेहरा कोरा ठेवायचा हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. पण यंत्रापुढच्या खुर्चीवर बसलेला नातेवाईक आपणच असलो तर चेहरा कुणापासून कोरा ठेवायचा? नेमकं तेव्हाच आमच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या खोलीत जाता जाता डोकावल्या, माझ्या खांद्यावरून पडदा बघितला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “डावीकडे पुढे काहीतरी आहे, ताई. स्कॅन सांगते. तोवर फिटची गोळी सुरू करू, पुन्हा पडायला नकोत.” ती गोळी मला माहीत आहे. माणूस तिने दिवसभर पेंगतो, बोलता बोलता हरवतो. सासूबाईंना मी तसं बघितलं, तिथेच, उघड्या डोळ्यांनी. खिडकीशी बसलेल्या, कुणाशीही न भांडणाऱ्या. मला एकदम हे इतकं असह्य झालं की मी मनातल्या मनात कबूल करून टाकलं, जे बावीस वर्षांत कुणापाशी केलं नव्हतं, की या घरात मला सगळ्यांत जास्त कोण लागतं तर ही बाई. नवऱ्यापेक्षाही. त्याला सांगू नका, चौकशी लावेल.

पाठीमागून आवाज आला, “काय गं, गप्प का झालीस? आहे का डोक्यात काही?”

“आहे की,” मी म्हणाले. “माझ्याबद्दलच्या तक्रारी आहेत. मोजतेय.”

त्या हसल्या. हसल्या की पापण्या लवतात, आणि पापण्या लवल्या तसा डावीकडे पुन्हा खड्डा. मी थबकले. पुन्हा म्हटलं, “आई, जरा उघडझाप करा.” त्यांनी केली. खड्डा, खड्डा, खड्डा. बरोबर उघडझापीच्या तालावर. मेंदूचं दुखणं असं पापणीचं ऐकत नाही. मग मी ते केलं जे खरं तर पहिल्यांदा करायला हवं होतं: वजाबाकी बंद केली. यंत्राने काहीही न पुसता, कच्चा आलेख. उजव्या कपाळाच्या रेघांवर नेहमीचे डोंगर उभे राहिले, सणसणीत, तरुण माणसासारखे. आणि डावीकडे काहीच नाही. उजवीकडचा थोडा पाझर, बाकी सपाट. डावा डोळा उघडमीट करत होता आणि त्याची रेघ गप्प होती. अशी रेघ मी फक्त एकदा बघितली होती, शिकत असताना, एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याची. आमच्या शिक्षकांनी तेव्हा सगळ्यांना खुर्च्यांवरून उठवून पडद्याजवळ बोलावलं होतं आणि म्हणाले होते, नीट बघून ठेवा, हा काचेचा डोळा.

आता यात चूक कुणाची म्हणाल तर माझी. पूर्वी आम्ही दोन्ही डोळ्यांपाशी तारा लावायचो. अकरा वर्षांपूर्वी मीच मीटिंगमध्ये शहाणपणा केला की डोळे जोडीनेच फिरतात, एकाला विचारलं की दुसऱ्याचं कळतं, दोन तारांचा आणि दहा मिनिटांचा खर्च कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चाळीस धडधाकट माणसांचे आलेख काढून, कुठल्या तारेतून डोळ्याचा किती हिस्सा वजा करायचा याची प्रमाणंही मीच बसवून दिली. तेव्हापासून यंत्र उजव्या डोळ्याला विचारतं आणि दोन्ही बाजूंनी सारखं वजा करतं. सासूबाईंच्या डावीकडे डोंगर नव्हताच. यंत्राने नसलेला डोंगर वजा केला, आणि तिथे खड्डा पडला. तो खड्डा डॉक्टरीणबाईंना दुखणं वाटला, आणि मलाही. त्या चाळीस माणसांसाठी मी तेव्हा घरोघर फिरले होते. नवरा आला, दीर आला, शेजारचे आले, आणि सासूबाई मात्र “माझ्या डोक्यात बघण्यासारखं काय आहे” म्हणून सटकल्या होत्या. मी मनात म्हटलं होतं, बघा, सुनेच्या कामाची किंमत नाही. आठ दिवस धुसफुसले होते.

काखेत कळसा म्हणतात तो असा. एकदा ती सपाट रेघ बघितली आणि मागची बावीस वर्षं भराभर नवीन दिसायला लागली. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायची सवय; एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही ना. मी वेंधळी समजायचे, कपांचे काठ झिजतात म्हणून एकदा बोललेही. जेवणाच्या टेबलाशी डाव्या टोकाची खुर्ची, सगळी माणसं उजवीकडे येतील अशी, पाहुणा आला तरी सोडायची नाही. मी हट्टी समजायचे. सकाळी न्हाणीघराला कडी लावून वीस वीस मिनिटं. “आई आत काय राज्याभिषेक करून घेतात का” हा माझा विनोद, त्यावर घर हसायचं, त्याही हसायच्या. फोटोत कायम मान वळवलेली. मी नखरे समजायचे. आणि सासरे. ते रस्त्याने नेहमी त्यांच्या डाव्या हाताला चालायचे. जागा नसली तरी, चिखल असला तरी, वळसा घालून पुन्हा डावीकडे. मला वाटायचं, जुन्या माणसांची काहीतरी रीत असेल. ते गेल्यावर सासूबाईंनी एकटीने बाहेर जाणं हळूहळू सोडलं, आणि आम्ही म्हटलं, दुःख आहे, सावरतील. सावरल्या, पण बाहेर पडल्या नाहीत. डावी बाजू उघडी पडली होती, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. किती हुशार आम्ही.

मी खुर्ची फिरवली आणि खाटेशी जाऊन बसले. कुठल्या बाजूला बसले, तर उजव्या. आपोआप. ते त्यांनी टिपलं. सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही, एक असो की दोन.

“कळलं वाटतं,” त्या म्हणाल्या.

“कळलं.”

“मेलं यंत्र,” असं म्हणून त्या छताकडे बघत राहिल्या. मग स्वतःहूनच सांगायला लागल्या, पेस्टच्या तक्रारी सांगाव्यात त्याच आवाजात. अकरा वर्षांच्या होत्या. धाकट्या बहिणीने दारात छत्री उघडली, काडी डोळ्यात गेली. सहा महिने दवाखाना. मग हा बसवला. म्हणजे हा नाही, हा पाचवा, माणूस वाढतो तसे बदलावे लागतात. बटणांच्या डबीत आधीचे चार आहेत. “ती निळी डबी. तू एकदा मागितली होतीस ना, ब्लाउजला हुक हवे म्हणून. मी ओरडले तुझ्यावर.”

“बाबांना माहीत होतं?”

“लग्नाआधीपासून. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी ओळखलं. बोलले नाहीत कधी. नुसते बाजू बदलून चालायला लागले.” त्यांनी पदर नीट केला. “बोलले असते तर मी रडले असते. म्हणून नसतील बोलले.”

“आणि तुमच्या लेकाला का नाही सांगितलं?”

“अगं, सांगणारच होते. आधी लहान होता, घाबरला असता. मग शाळेत गेला, म्हटलं पोरांत बोलेल, ती चिडवतील. मग कॉलेज, मग तू आलीस. नव्या सुनेपुढे काय पहिल्याच दिवशी डोळा काढून दाखवायचा? असं करता करता वेळ निघून गेली. आणि एकदा वेळ गेली ना, की मग सांगणंच खोटं बोलल्यासारखं वाटायला लागतं. इतकी वर्षं का लपवलंस म्हणेल. काय सांगू? लपवलं नाही रे, राहून गेलं?”

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हणाले, “बरं, मग आता चक्कर. ती कधीची?”

पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. “चक्कर नाही गं आली. पायरीच दिसली नाही. उजव्यालाही आता धूर धूर दिसतं. वर्ष झालं असेल. चक्कर म्हटलं की सुटले, असं वाटलं. मला काय ठाऊक तुम्ही थेट डोकंच तपासायला न्याल.”

म्हणजे मेंदूत काही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि पडतो न पडतो तोच पुन्हा वर आला. एकच डोळा, आणि त्यावर पडदा धरत चाललेला. वर्षभर ही बाई त्या एका धुरकट डोळ्यावर जिना चढते-उतरते, गॅस पेटवते, भाजी चिरते आणि माझ्या भाजीत मीठ कमी आहे म्हणते. “अहो आई, मोतीबिंदू असेल. ऑपरेशन होतं. वीस मिनिटांचं काम.”

“दुसऱ्यांना वीस मिनिटांचं. मला एकच आहे. बिघडला तर?” आणि मग, स्वतःच्याच भीतीवर चिडून, “आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन म्हणतात. माझ्या बाबतीत देवाने मागितलं तेवढंच दिलं. आता तेही टेबलावर ठेवू का मी?”

मी त्यांचा हात धरला. आणि माझ्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी चालू होत्या, त्या सांगते, लपवून काय उपयोग. पहिली ही, की मी हे सगळं चार मिनिटांत मिटवू शकत होते. तार सैल होती म्हणायचं, डोळे मिटून स्वस्थ पडलेला तेवढाच आलेख कापून ठेवायचा, स्वच्छ, निरोगी, त्यात डावा डोळा नाही आणि उजवाही नाही. स्कॅन नाही, गोळी नाही, नवऱ्याला पत्ता नाही. सासूबाईंची अब्रू झाकली जाते आणि माझी चूकही. इतका सफाईदार आलेख मी आयुष्यात काढला नसेल. दुसरी गोष्ट ही, की मग त्या पुन्हा जिन्यावरून पडतील, आणि पुढच्या वेळी तीन पायऱ्यांवरून नाही. डॉक्टरीणबाईंना तोंडी सांगावं म्हटलं तर आमच्याकडे तोंडी काही चालत नाही; शेऱ्यात लिहायचं, आणि शेऱ्यासकट अहवाल सही होताच घरच्या माणसाच्या फोनवर जातो. घरचा माणूस म्हणून फोन होता चौकशीखात्याचा. तो अहवालातला स्वल्पविरामही सोडत नाही.

“आई, मला एक ओळ लिहावी लागेल,” मी म्हणाले. “डावा डोळा कृत्रिम. नाही लिहिली तर तुम्हाला नसलेल्या आजाराची गोळी सुरू होईल. आणि लिहिली तर त्याला कळेल.”

“नको लिहूस.”

“बरं.”

“बरं काय बरं? भांड की.”

“भांडत नाही. तुमचा डोळा आहे. पण तुम्ही आंधळ्या झालात तर मी कुणाशी भांडू, ते सांगा.” हे मी विनोदाने म्हणायला गेले आणि मध्येच माझा आवाज फाटला. मी रडले, चक्क, तारा लावलेल्या पेशंटसमोर, नियम धाब्यावर बसवून. सासूबाई मला रडताना बघत होत्या, म्हणजे जेवढी दिसत होते तेवढी बघत होत्या, आणि पडद्यावर उजवीकडे एकामागून एक डोंगर उभे राहत होते, जुन्या कागदी यंत्राचं पेन तुटलं असतं इतके, कारण त्याही पापण्या मिटून मिटून पाणी परतवत होत्या. शेवटी त्यांनी माझ्या हातावर चापटी मारली. “लिही मेले. पण त्याला मी सांगणार. तू तोंड उघडायचं नाहीस. आणि संध्याकाळपर्यंत ते सही का काय ते होऊ देऊ नकोस.” मी लिहिली ती ओळ. खाली माझ्या प्रमाणांची चूकही लिहिली, आणि यापुढे दोन्ही डोळ्यांपाशी तारा लावाव्यात, हेही. डॉक्टरीणबाईंनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, स्कॅन आणि गोळी दोन्ही खोडलं आणि म्हणाल्या, “सहाला सही करते, ताई. त्याआधी नाही.”

सहाला पाच कमी असताना आम्ही तिघं घरी टेबलाशी बसलो होतो. सासूबाई डाव्या टोकाला, नवरा समोर, मी ओट्याला टेकून उभी, तोंड शिवल्यासारखी. चहा कपांत गार होत होता. चौकशीखात्याचं चालूच होतं: काय म्हणाले? किती वेळ लागला? अहवाल कसा नाही आला? सासूबाई काहीतरी बोलायला तोंड उघडायच्या आणि कपाचा कान नीट करायच्या. मला वाटलं, नाही जमणार. साठ वर्षांचं राहून गेलेलं पाच मिनिटांत कुठे जमतं. आणि फोन वाजला. त्याने हात पुढे केला.

“ठेव तो,” सासूबाई म्हणाल्या. “त्यात जे आहे ते मीच सांगते. माझा एक डोळा खोटा आहे. लहानपणापासून. तुला सांगायचं राहिलं.”

मी प्रश्नांच्या माऱ्याची वाट बघत होते. कधी, कसा, कुणामुळे, बाबांना माहीत होतं का. एकही आला नाही. नवरा आईकडे बघत राहिला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण चेहरा कसा झाला होता सांगू, बाजारात हात सुटलेल्या पोरासारखा. मग त्याने एकच विचारलं.

“कुठला?”

“तूच सांग,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना बहुतेक गंमत करायची होती, अवघड झालेलं थोडं हलकं करायला. त्यांनी मान सरळ केली, फोटोत कधी केली नव्हती तशी, आणि चेहरा त्याच्यापुढे धरला. तो टेबलावर वाकला. दोन्ही डोळे पाळीपाळीने बघत होता, डावा, उजवा, पुन्हा डावा. मी ओठ चावून उभी. मग त्याने हळूच बोट उचललं आणि त्यांच्या उजव्या डोळ्याकडे नेलं.

“हा,” तो म्हणाला. “हा खोटा. हा धुरकट आहे, आणि सारखा इकडेतिकडे होतोय. हा दुसरा बघ कसा स्वच्छ आहे. हा माझ्याकडेच बघतोय.”

सासूबाई हसल्या. मग त्यांनी त्याचं ते बोट हातात धरलं.

“नाही रे,” त्या म्हणाल्या. “तो नुसता बसवलाय. तू ज्याला खोटा म्हणालास ना, त्या एकट्यानेच बघतेय मी तुला, जन्मल्यापासून. आता त्यालाही तू नीट दिसत नाहीस. त्याचं ऑपरेशन करायचंय म्हणते ही. मला भीती वाटते.”

नवऱ्याने खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्या अगदी पुढ्यात आणून ठेवली. बसला. “आता?” त्याने विचारलं. “आता दिसतो?”

“थोडा.”

त्याने खुर्ची आणखी पुढे सरकवली, गुडघ्याला गुडघा लागला. “आता?”

“अजून ये,” सासूबाई म्हणाल्या.